टॉवरच्या पाण्यातले गप्पी

२०२३ साल. माझं वय एकोणसत्तर. ठाण्याजवळ दिव्याला घरामागे माझ्या सिमेंटच्या चौदा टाक्या आहेत. त्यातल्या पहिल्या टाकीच्या काठावर महेशने पाण्याने भरलेली प्लास्टिकची पिशवी ठेवली आणि म्हणाला, "काका, हे काय दिलंत मला?"

पिशवीत माझेच गप्पी होते. मी तीस वर्षं गप्पींची पैदास करतो. शाळा चौथीपर्यंत, पण नर कुठला नि मादी कुठली हे सांगायला मला कोणी लागत नाही. महेशचं डोंबिवलीला शोभेच्या माशांचं दुकान. त्याच्या बापाच्या वेळेपासून तिथे माल माझा.

"जोड्या विकून तीन महिने झाले, एका गिऱ्हाईकाकडे पिल्लू नाही. आणि हे नर बघा. रंग धुतल्यासारखा, काडी अर्धी."

गप्पीची मादी मातकट, नर रंगीत शेपटीचा. नराच्या पोटाखालचा एक पर वाढताना निमुळता होत जातो, त्याला आम्ही काडी म्हणतो. काडी नाही तर पिल्लं नाहीत. पिल्लं महिन्याची झाली की पांढऱ्या थाळीत घेऊन काडी बघायची आणि नर-माद्या वेगळ्या करायच्या, ही आमची पद्धत.

खरं सांगायचं तर थाळीत काडी नीट दिसत नाही हे मला आधीच कळलेलं. मला वाटलं, डोळे गेले. गुपचूप जाऊन चष्म्याचा नंबर वाढवून आलेलो.

"तुम्ही खाण्यात हार्मोन घालता," महेश म्हणाला.

काही लोक घालतात. नराचं हार्मोन खाण्यात कालवलं की माद्यांनाही रंग चढतो, माल पटकन जातो. पुढे रंग उतरतो आणि पिल्लं होत नाहीत. म्हणजे हुबेहूब पिशवीतल्यासारखे मासे.

"तुझ्या बापाने हे तोंडातून काढलं असतं का रे?"

"बाबांनी पिशवी तोंडावर मारली असती. मी निदान काठावर ठेवली."

माझं डोकं फिरलं. त्याच संध्याकाळी पत्र्यावर रंगाने लिहिलं, 'इथे माशांना हार्मोन देत नाहीत. तीस वर्षांत कधीच नाही.' पाटी गेटवर ठोकली आणि ठरवलं, महेशला त्याचा शब्द परत घ्यायला लावीन, नाहीतर टाक्या फोडीन.

कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या साठे मॅडम प्रॅक्टिकलला माझ्याकडून मासे न्यायच्या. त्यांना पिशवीतले चार दिले. म्हटलं, "ह्या माद्या आहेत का, तेवढं कापून सांगा."

दोन दिवसांनी त्यांचा फोन. "काका, चारही नर आहेत."

"मग हार्मोन नाही ना! महेशला सांगतो."

"थांबा. नराच्या अंगात मला अंड्यांच्या पेशी दिसल्या. तुमच्या माद्या नर झालेल्या नाहीत. नर मादीकडे झुकलेत. पाणी कुठलं वापरता?"

इथे मी जरा ताठलो. दिव्यात पाण्याची बोंब. नळाला दिवसाआड करंगळीएवढी धार. वर्षभरापूर्वी मागच्या टॉवरच्या प्लंबरशी बोलून मी त्यांच्या एसटीपीतून पाइप घेतलेला. एसटीपी म्हणजे सांडपाणी साफ करायचा प्लँट. पाणी काचेसारखं, वास नाही. दोन दिवस हवा सोडून मगच मी ते टाकीत घ्यायचो. सगळ्या दिव्यात ही अक्कल फक्त मला सुचली म्हणून मी मिरवलेलोही.

"पाणी एक नंबर आहे मॅडम. किटवर तपासलंय. अमोनिया नाही, काही नाही."

"त्या किटवर हे दिसत नाही. गर्भ राहू नये म्हणून गोळ्या घेतात, त्यात कृत्रिम स्त्री-हार्मोन असतं. ते लघवीतून गटारात येतं. प्लँट घाण काढतो, हे सगळं निघत नाही. माशांना अगदी थोडं पुरतं. पण ही माझी शंका आहे. मोठ्या लॅबच्या टेस्टशिवाय मी लिहून देणार नाही."

"लिहिलेलं मला वाचायचं पण नाही. मासे सांगतील."

महेशच्या दुकानात गेलो. "तुझ्याकडच्या, बाहेरून आणलेल्या दोन गाभण माद्या दे. माझ्या नकोत. खाणंही तुझंच, बंद पाकिटातलं."

"कशाला?"

"तुझं तोंड बंद करायला."

माद्या व्यायल्यावर सगळी पिल्लं एकत्र करून दोन टबांत निम्मी निम्मी टाकली. एका टबात टॉवरचं पाणी. दुसऱ्यात शीळच्या बाजूच्या एका विहिरीचं, रोज सायकलला दोन कॅन लावून मी आणायचो. गुडघे बोलायचे, मी ऐकायचो नाही. टबांची झाकणं चिकटवलेली, पाणी-खाण्यापुरतं भोक, चिकटपट्टीवर महेशच्या सह्या. दर रविवारी यायचा, चहा प्यायचा, सही तपासायचा. "काका, संशय नाही हां, पण बघतो." मी म्हणायचो, "बघ. भिंग आणून बघ."

तीन महिन्यांनी मॅडमना बोलावलं. थाळी महेशच्या हातात दिली. विहिरीच्या टबात निम्मे नर, शेपट्या पेटलेल्या, माद्यांच्या मागे लागलेले. टॉवरच्या टबात नावाला तीन नर. बाकी सगळे मातकट, त्यात सात-आठ अर्ध्या काडीचे.

महेशने दोन्ही टबांतले नर थाळीत घेऊन स्वतः मोजले. मग म्हणाला, "काका, शब्द मागे घेतला. तुम्ही खाण्यात काही घातलं नाही."

हे ऐकायला मी चार महिने घालवलेले. ऐकलं आणि गोड लागलं नाही. खाण्यात घातलं नव्हतं, पण पाइप मीच जोडलेला.

"आणि नाल्यात?" मी मॅडमना विचारलं. टॉवरचं उरलेलं पाणी नाल्यातून खाडीला जातं.

"तिथे पाणी मिसळतं. किती परिणाम होतो, ते शोधायला हवं."

खाडीतल्या माशांना पांढऱ्या थाळीत घेऊन कोण बघतंय?

मी शिकलो ते एवढंच. स्वच्छ दिसणारं पाणी आणि स्वतःवर खूश असलेला माणूस, दोन्ही तपासून घ्यावीत. चष्म्याचा जुना नंबर बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाइप कापला, सायकल काढली. विहिरीला जाण्याआधी गेटपाशी थांबलो, रंगाचा डबा उघडला आणि पाटीवरची दुसरी ओळ, 'तीस वर्षांत कधीच नाही', वर रंग फिरवून पुसून टाकली.