जिन्यासाठी घेतलेला राउटर

काशीतल्या बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत आमचं घर आहे. खाली एकच खोली, तीही पावसाळ्यात ओल धरणारी. राहणं सगळं वर. वर जायचा जिना दगडी, उभा आणि अंधारा. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्याला शिव्या देत आले आहे. पण त्याच्याशी खरं वैर जडलं ते ह्यांना, म्हणजे माझ्या यजमानांना, लकवा झाल्यावर.

उजवी बाजू गेली. बोलणं महिनाभराने परतलं, तेही अडखळत. संस्कृत शिकवण्यात जन्म घालवलेला माणूस ‘पाणी’ म्हणताना मध्येच थांबायचा, आणि मला कळत असूनही मी तो शब्द पुरा करत नसे, कारण तसं केलं की ते चिडत. इस्पितळातून आणलं तेव्हा घाटावरच्या चार नाववाल्यांनी त्यांना खुर्चीत बसवून वर चढवलं. जिन्याच्या मध्यावर खुर्ची भिंतीत अडकली. ‘तनी बायें लो’, ‘अरे गुरु, गिरा दोगे का’, असा आरडाओरडा झाला, गल्लीत माणसं जमली. त्या सगळ्या वेळात ह्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते.

दोन दिवसांनी मी औषध देत होते तेव्हा ते म्हणाले, “आता एकदाच उतरायचं. चौघांच्या... खांद्यावर.”

काशीत असलं बोलणं ऐकून कुणी दचकत नाही. आमच्याकडे मरणाची गोष्ट भाजीच्या भावासारखी निघते आणि तशीच संपते. पण हे चेष्टेत बोलत नव्हते, आणि मी फार घाबरले.

पुढे व्यायाम शिकवायला एक तरुण येऊ लागला. काठी घेऊन हे खोलीतून गच्चीपर्यंत चालू लागले. डावा हात मजबूत होता, पायातही जोर येत होता. तो तरुण म्हणायचा, “बाबूजी, अब सीढ़ी।” हे मान फिरवायचे. पूर्वी रोज सकाळी हे खाली दारालगतच्या चबुतऱ्यावर पेपर घेऊन बसत. पंचगंगा घाटावर जाणारे यात्रेकरू वाट विचारत आणि हे वाटेबरोबर अर्ध्या तासाचं पुराणही देत. मी म्हणायचे, “चला ना, चबुतऱ्यावर बसू.” ते म्हणायचे, “कशाला?” दाढी करू या, कशाला. भाचीचा फोन आहे, कशाला. दिवसभरात माझ्या वाट्याला येणारा शब्द बहुतेक तेवढाच.

मला राग यायचा. रात्रंदिवस एका माणसाचं सगळं करायचं आणि त्या माणसाने ‘कशाला’ म्हणायचं, म्हणजे माझ्या सगळ्या खटाटोपाला कशाला. एकदा मी जोरात भांडं आपटलं. कुणाला काही फरक पडला नाही, भांड्याला पोचा मात्र आला.

जिन्याला कठडा हवा, हे मी तेव्हाच मनाशी ठरवलं. उतरताना डाव्या हाताला धरायला काहीतरी असलं तर हे उतरतील, अशी माझी समजूत होती. लोखंडी नळी लावून घ्यावी तर आजारानंतर ह्यांना गारठा सोसवत नव्हता. गच्चीवर माकडांसाठी लावलेल्या जाळीला चुकून हात लागला तरी ते चटका बसल्यासारखा मागे घेत. मग मिस्त्रीला सांगितलं. “कल आते हैं, माताजी।” लगीनसराई होती, पलंग आणि कपाटांची कामं सोडून एका कठड्यासाठी कोण येतो? तो ‘कल’ अजून उगवायचा आहे.

शेवटी म्हटलं, आपणच करू. मी मुलींच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. निवृत्त झाल्यावर वेळ जाईना म्हणून सुतारकामाला लागले; मोबाइलवर बघून एक स्टूल केलं, मसाल्याची मांडणी केली, एक रॅक केला तो अजूनही डावीकडे कलतो. हे मला तेव्हा ‘सुतारीणबाई’ म्हणायचे. हत्यारांत आरी, रंधा, ड्रिल एवढंच.

लाकूड घरातच होतं. ह्यांच्यासाठी उंच लोखंडी खाट आणली तेव्हा आमचा जुना डबल बेड सोडवून ठेवला होता. त्याच्या दोन्ही बाजूंच्या लांब शिसवी पाट्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यातली एक मी आरा मशीनवर नेऊन उभी चिरून आणली. दोन पट्ट्या झाल्या. एकीपुढे एक लावल्या की जिना पुरा व्हायचा. दुसरी पाटी ठेवली. बेड पुन्हा जोडायचा नव्हता हे मला ठाऊक होतं, तरी ठेवली.

आता चिरलेली पट्टी म्हणजे काही कठडा नाही. कडा हाताला कापतात. वरच्या कडांना गोलाई हवी, म्हणजे तळवा बसेल, आणि भिंतीकडच्या अंगाला लांब पन्हळ हवी, म्हणजे बोटांना शिरायला जागा होईल. शिसम रंध्याने गोल करता करता माझी मनगटं गेली असती, आणि पन्हळ तर हाताने जन्मात झाली नसती. त्याला राउटर लागतो. मुठीत धरायची मोटर, तिच्या टोकाला गरगर फिरणारं पातं. त्या पात्याला बिट म्हणतात. जसं बिट तसा लाकडाला आकार.

लोहटियाच्या बाजारात गेले. पेन्शनीतून औषधं आणि व्यायामवाला वजा जाता जे उरत होतं, त्यात मोठ्या कंपनीचा राउटर स्वप्नातही बसला नसता. दुकानदाराने एक धिप्पाड मशीन समोर ठेवलं. मी ते दोन्ही हातांनी उचललं आणि पुन्हा ठेवलं. घरी एक माणूस उचलते तेवढं पुरे. मग छोटा राउटर काढला, मिस्त्री लोक ज्याला ट्रिमर म्हणतात. एका हातात मावणारा, नाव न ऐकलेल्या कंपनीचा. चालू करून बघितला. आवाज कानात घुसला, पण मूठ फार थरथरत नव्हती, आणि कोलेट, म्हणजे बिटाची दांडी आवळून धरणारी बांगडी, ठीक वाटली. तो घेतला. इथवर मी शहाण्यासारखी वागले.

बिटं मला दोनच हवी होती. एक गोलाईचं, एक पन्हळीचं. दुकानदाराने चांगल्यातली दोन काढून काउंटरवर ठेवली, आणि शेजारी एक लाकडी डबी उघडली. आत लाल मखमल आणि मखमलीत ओळीने बारा बिटं. “माताजी, दो के दाम में बारह। फूल-पत्ती सब बनाइए।”

बारा! थकलेल्या बाईला दुकानात नेऊ नये, तिला कुणी काही जास्त दिलं की ती विरघळते. मी विचारलं, “दांडी बसेल ना? मशीन पाव इंचाचं आहे, यावर सहा एमएम लिहिलंय.” अर्थात हे हिंदीत. तो हसला. “अरे दो सूत, छह एमएम, एक्कै बात है।” पाव इंचाला इथे दोन सूत म्हणतात, आणि सहा मिलिमीटर म्हणजेही सगळ्या बाजाराच्या लेखी दोन सूतच. मी मान डोलावली आणि डबी घेतली. कॉलेजात मी मुलींना व्हर्नियर कॅलिपर शिकवत होते. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यासाठी मी त्यांचे मार्क कापलेले आहेत.

डबी बघून हे म्हणाले, “एवढी... कशाला?”

“लागतील,” मी म्हटलं.

गच्चीवर जाळीच्या आत दोन स्टुलांवर पट्टी बांधली. थंडीचे दिवस, ऊन उशिरा यायचं. ह्यांची खुर्ची उन्हात ठेवली, कानात कापूस घातला. पहिली गोलाई छान निघाली. लाकडाला लोण्यासारखी कड आली, आणि किती दिवसांनी मला काहीतरी बरं वाटलं. मग पन्हळीचं बिट लावलं. पहिला हातभर नीट गेलं. पुढे आवाज बदलला, जळका वास आला. मला वाटलं व्होल्टेज गेलं. मी मशीन रेटतच राहिले. उचलून बघते तर बिट कोलेटमधून हळूहळू बाहेर सरकत आलेलं, आणि जिथे अर्धं पेर खोल जायचं तिथे पट्टी आरपार होता होता राहिलेली.

सहा मिलिमीटरची दांडी पाव इंचाच्या बांगडीत. फरक केसाएवढा. हाताने ओढून निघत नाही, पण मशीन फिरलं की सटकते. उडून तोंडावर आलं असतं तर घरात दोन आजारी झाले असते.

मी खाली फरशीवर बसले, भुसा अंगभर. रडायला आलं आणि मी रडले. मला त्या पट्टीचं काही वाटत नव्हतं. मला झोपायचं होतं, एक पूर्ण रात्र, कुणी हाक न मारता.

खुर्चीतून आवाज आला, “महंगा रोए... एक बार...” आणि अडकले. वाट बघून या वेळी मीच पुरं केलं, “सस्ता रोए बार-बार.” ते चिडले नाहीत. कानातला कापूस काढून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “हात बघू.” हाताला काही झालं नव्हतं. तरी मी दाखवला.

पुन्हा लोहटिया. वापरलेली बिटं परत घ्यायला दुकानदार काही माझा मामा नव्हता. जी दोन बिटं पहिल्या दिवशी काउंटरवर होती, तीच दोन आता घेतली. दांडी मात्र मी घरून नेलेल्या कॅलिपरने मोजून घेतली. तो म्हणाला, “माताजी, सोना तौल रही हैं क्या?” मी मोजत राहिले. बारांची डबी अजून कपाटात आहे. फूल-पत्ती करायला मला कधी सवड होणार आहे, देव जाणे.

नवीन बिटाने पन्हळ सरळ गेली. खड्ड्याची बाजू भिंतीकडेच होती. तिथेच लोखंडी ब्रॅकेट आला, तेव्हा ती लपली. पट्ट्यांना तेल दिलं आणि भिंतीत ड्रिलने भोकं पाडून कठडा बसवला, उतरताना डाव्या हाताला. चुना खाली पडत होता आणि मी हिसके देऊन बघत होते. माझं सगळं वजन टाकलं तरी हलला नाही.

चार दिवस ह्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. मीही बोलले नाही. बोलायचं त्राण नव्हतं. पाचव्या सकाळी मी चहा गाळत होते तर जिन्याकडून काठीचा आवाज आला. गाळणी तशीच टाकून धावले. हे वरच्या पायरीवर उभे होते आणि डाव्या हाताने कठडा चाचपत होते. बोटं पन्हळीत शिरली. त्यांनी काठी मला दिली.

मी पुढे जाऊन उलटी उतरू लागले, त्यांच्याकडे तोंड करून. आधी अधू पाय, मग चांगला. एक पायरी, थांबा. जिथे खुर्ची अडकली होती तिथे ते बराच वेळ थांबले. मला वाटलं, झालं, आता परत चला म्हणणार. श्वास घेऊन ते पुढची पायरी उतरले.

चबुतऱ्यावर ऊन होतं. शेजारच्या पुजाऱ्याने हात जोडले, “गुरुजी, दर्शन भइल!” दोन बायकांनी पंचगंगेची वाट विचारली. ह्यांनी डाव्या हाताने दाखवली. पुराण सांगायला शब्द पुरले नाहीत, पण त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मी वरून चहा आणला. आम्ही प्यालो. मी इतकी खूश होते की मला काही दिसलंच नाही.

उठून आत आलो, जिन्याकडे वळलो, आणि ह्यांचा डावा हात भिंतीवर फिरू लागला. भिंत रिकामी होती. कठडा आता उजव्या बाजूला होता, लुळ्या हाताकडे.

मी कठड्याकडे बघितलं, त्यांच्या हाताकडे बघितलं आणि खालच्या पायरीवर मटकन बसले. कोलेट, दांडी, गोलाई, पन्हळ, एवढ्या सगळ्याची महिनाभर चिंता केली, आणि माणूस उतरला की त्याला चढावंही लागतं, हे एकदाही डोक्यात आलं नव्हतं. ह्यांच्या त्या ‘एकदाच उतरायचं’ नंतर मीही बहुधा फक्त उतरण्याचाच विचार करत होते.

हे दाराची चौकट धरून उभे होते. म्हणाले, “अगं... तू फक्त... उतरायची सोय केलीस.”

मी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं.

“मला वर... जायचंय.”

त्या दिवशी ते बसून बसून वर गेले. पायरीवर पाठमोरे बसायचे, म्हणजे कठडा डावीकडे येई, डाव्या हाताने कठडा ओढायचा, चांगल्या पायाने रेटायचं, की एक पायरी. धोतर मळलं, दोघांनाही धाप लागली. मी खालच्या पायरीवर बसून त्यांचा अधू पाय उचलून देत होते. मध्ये एकदा ते हसले. मी विचारलं, “काय?” ते म्हणाले, “विज्ञानाच्या बाई,” आणि पुढे शब्द सापडला नाही तेव्हा नुसतेच हसत राहिले.

वर पोचल्यावर मी त्यांना खाटेवर बसवलं, पाणी दिलं. पाठ मोडून आली होती. तरी भिंतीशी उभी असलेली बेडची दुसरी पाटी ओढून काढली आणि उद्या आरा मशीनवर न्यायला दाराशी नेऊन ठेवली. हे बघत होते. कशाला, म्हणून त्यांनी विचारलं नाही.