नेरळपासून बेचाळीस खांदे

माथेरानला जायचं ठरलं आणि मला घरात बसवेना. बायको नुकतीच दुखण्यातून उठलेली, वैद्यांनी हवापालट सांगितलेला. नेरळच्या गाडीची वेळ विचारायला मी आठवड्यात तिसऱ्यांदा कल्याण स्टेशनात गेलो, तेव्हा तो भेटला. माथेरानला पालख्या वाहणारा शहाडचा भोई. नुसता उभा असतानाही उजवा खांदा झुकलेला.

"नेरळहून चढ किती?"

"बेचाळीस खांदे, रावसाहेब."

एक खांदा दुखला की पालखी दुसऱ्यावर घ्यायची. अंतराचं त्याचं माप तेच. मग हवेत हातानं वळणं काढत तो सांगू लागला, इथे झऱ्याचा आवाज येतो, इथे पायाखाली जांभळं, इथून गार वारा. मी हरखून ऐकत राहिलो.

"आणि वरून दरी कशी दिसते?"

तो हसला. "मला पुढच्याच्या टाचा दिसतात. वर पोचलो की दुसरी पालखी उचलून खाली. तुम्ही नीट बघून या, मला सांगा."

घरी येऊन मी प्रवासाच्या यादीतल्या दोन पालख्यांपैकी माझी खोडली; मी चालतच चढणार होतो. बायकोला म्हटलं, "तुझ्या पालखीचा पडदा उघडा ठेव हं. खूप बघायचंय. परत येऊन एकाला सांगायचंय."