परब सरांचा राखणदार

किस्से कसे साठतात कळत नाही. आमच्या मालवणच्या कॉलेजात चहाचे कप दरवर्षी फुटायचे, किस्से मात्र शाबूत! ऐंशीच्या दशकात मी तिथे डेमॉन्स्ट्रेटर होतो. झूलॉजीचे परब सर तेव्हा एका प्रोटीनच्या अक्षरशः प्रेमात होते.

हे प्रोटीन आतड्यातल्या पेशीच्या पडद्यात बसतं. मीठ साखरेचा हात धरून आलं की दोघांना आत घेतं, मागोमाग पाणी जातं. सर त्याला म्हणायचे राखणदार, आमच्याकडे वेशीवर ज्याला नारळ ठेवतात तो देव! "गावच्या वेशीवर असता तसोच. जोडीन येवा, नायतर भायर रवा!"

*

एकदा सरांनी वर्गात हे नाटकच करून दाखवलं. मुलगे मीठ, मुली साखर, दारात धिप्पाड सावंत राखणदार. हात धरायला कोणी तयार होईना! शेवटी एक जोडी लाजत निघाली आणि समोर नेमके प्रिन्सिपॉल.

"हे काय चाललंय?"

सावंत छाती काढून म्हणाला, "सर, मीठ आतड्यात चाललंय!"

*

मसुऱ्याच्या एका लग्नात कोकम सरबत आलं. सरांनी यजमानांना थांबवलं, "मीठ घातलंस मा? नायतर राखणदार साखर आत सोडूचो नाय!"

"घातलंय. पण पावणे काय आजारी नायत, सर!"

*

एका मुलीने विचारलं, "सर, पटकीच्या जुलाबात राखणदार मरतो का?"

"नाही, तो कामावरच असतो. म्हणून तर साखर-मिठाचं पाणी लागू पडतं."

"आणि जन्मतःच बिघडलेला असला तर?"

"मग त्या बाळाला आईचं दूधही बाधतं, त्यातही साखर असतेच."

ते कधी न पाहिलेलं बाळ मला अजून आठवतं.

*

मग एकदा सरच आले नाहीत. घरी गेलो तर त्यांची चार वर्षांची लेक सुमी जुलाबाने मलूल पडलेली, डोळे खोल गेलेले. सरांच्या हातात साखर-मिठाच्या पाण्याचा पेला आणि त्यांची आई आडवी उभी.

"जुलाबात पाणी? वर साखर? चेडवाक मारतलंस काय रे!"

सरांनी पेशी समजावली, पडदा समजावला. आई ढिम्म! शेवटी सरांनी पेला देवासमोर ठेवला, हात जोडले आणि चक्क गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाच्या आतड्यात जो राखणदार बसलो आसा, तेका जागो ठेव. मीठ साखरेचो हात धरून इला तर आत येवंदे. मागसून पाणी येतला, तेकाय येवंदे, रे म्हाराजा!"

गाऱ्हाण्यातल्या प्रत्येक मागण्याला होकार द्यायची आईंना जन्माची सवय. तोंडून निघूनच गेलं, "होय म्हाराजा!"

देवासमोर होय म्हटल्यावर मागे कसं फिरणार? चमचा त्यांनीच हातात घेतला. घोट घोट करत पेला संपला, मग दुसरा. तिन्हीसांजेला सुमी उठून बसली.

"आजी, पेज दी."

तिला पेज भरवून आई आतून नारळ घेऊन आल्या आणि सरांसमोर उभ्या राहिल्या.

"तुझ्या राखणदाराक ह्यो खंय ठेवू, रे?"