चित्रकाराची फरशी

राजाजीनगरातल्या एका चित्रकाराच्या घराचं आता संग्रहालय झालंय. तिथला राखणदार खांद्यावर ओलं फडकं टाकूनच हिंडतो. मी आत शिरलो, तसा माझ्या पावलांमागून फरशी पुसत आला. त्या कानडी मुलखात मला फोनवर मराठी बोलताना ऐकलं आणि एकदम खुलला.

"आपलेच की तुम्ही! अण्णा, स्वल्प कडेकडेनं चाला."

चित्रकाराच्या खोलीत ब्रश उंचीप्रमाणे उभे, शाळेच्या प्रार्थनेला उभं केल्यासारखे. रंग कालवायची पाटी घासून लख्ख, तिला मधोमध कुंकू. असल्या टापटिपीनं माझं डोकंच फिरतं.

"फरशीभर रंगाचे डाग होते बघा," तो म्हणाला. "दसऱ्याच्या आयुधपूजेआधी तीन दिवस रॉकेल टाकून घासलं. ट्रस्टवाल्यांनी शाल घातली मला."

आख्खा माणूस त्यानं बादलीत पिळून टाकला होता, आणि वर शाल!

तो कमरेवर हात ठेवून खोलीभर नजर फिरवत म्हणाला, "आता सांगा, इथं कुणी चित्रकार राहत होता असं वाटतंय का?"

"छे," मी म्हणालो. "अजिबात नाही."

त्याचा चेहरा उजळला. मग माझ्या बुटांकडे बघत तो फडकं घेऊन खाली वाकला.