वाळूनं धरलेला पतंग

राजोडीच्या किनाऱ्यावर वारा मंद असला, की मी एकपदरी कापडाचा मोठा पतंग काढतो. खाली पातं लावलेल्या फळीवर मी उभा राहतो आणि तो मला समुद्रावर ओढत नेतो. पण उडवताना कुणालातरी तो दोऱ्यांच्या दुसऱ्या टोकाला धरावा लागतो. ते काम बायकोचं. मी हात वर केल्यावरच सोडायचा, हे ठरलेलं. ती मात्र आधीच सोडायची. मी चारचौघांत खेकसायचो, "एवढंही जमत नाही तुला?"

"पातळ कापड आहे रे, वाऱ्यात धरून ठेवलं तर फाटेल ना!" ती म्हणायची.

होळीआधी ती तापानं गेली. आता मी पतंगाच्या कडेवर ओली वाळू टाकतो आणि दोऱ्या ओढून एकटाच उडवतो. वाळू घाई करत नाही. तरी ओढण्याआधी माझा हात वर जातोच.