बोटाखालची पट्टी

नातेवाइकांना अखेरपर्यंत वाटायचं, की मी धावपट्टीवर उभा राहून विमानांना झेंडी दाखवतो. समजावून सांगायचा कंटाळा, म्हणून मीही हो म्हणायचो. खरं काम खिडकी नसलेल्या एका खोलीत चालायचं. तेव्हा नागपुरात आमच्याकडे रडार नव्हतं. ढगात अडकलेली विमानं आम्ही वैमानिकाच्या शब्दावर आणि कागदाच्या पट्ट्यांवर खाली आणायचो. एका विमानाची एक पट्टी, तिच्यावर त्याची उंची.

ऑगस्टमधल्या त्या सकाळी माझी शेवटची चाचणी होती. पास झालो तर एकट्याने बसायचं, नाहीतर पुन्हा उमेदवारी. माझे साहेब मागे खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी शिकवलेला नियम असा, की खालचं विमान ‘उंची सोडली’ असं स्वतः सांगेपर्यंत त्याच्या पट्टीवरचं बोट उचलायचं नाही आणि ती उंची वरच्याला द्यायची नाही.

दोन विमानं ढगात घिरट्या घालत होती, एक चार हजार फुटांवर, दुसरं पाच हजारांवर. खालच्याला मी उतरायची परवानगी दिली. तो बरं म्हणाला आणि गप्पच झाला. पुन्हा पुन्हा हाका मारल्या, उत्तर नाही. वरच्या विमानात मंत्री होते. त्याचा वैमानिक चार हजार मागू लागला, कचेरीतून फोनवर फोन सुरू झाले. घड्याळ पाहता ती उंची केव्हाच मोकळी व्हायला हवी होती. मी साहेबांकडे पाहिलं, तर ते छताकडे बघत होते. माझी जाम टरकली होती. तरी वरच्याला थांबायला सांगितलं आणि फोनवाल्यालाही.

मग खालच्याचा आवाज आला. मधेच थोडा वेळ रेडिओ बंद पडला म्हणून त्याने आणखी एक घिरटी घेतली होती. तो अजून चार हजारांवरच होता.

दोन्ही विमानं उतरल्याचं वरच्या टॉवरने कळवलं, तेव्हा साहेबांनी विचारलं, “काहून नाही देलं गा त्याले चार हजार? घड्याळ तर हो म्हणून राहिलं होतं.”

“खालच्यानं सोडलं म्हणून सांगतलं नव्हतं, साहेब.”

त्यांनी रजिस्टरात सही केली. तेवढ्यात तिसऱ्या विमानाने हाक दिली. आठ महिन्यांत माझ्या पाठीमागून पाण्यालाही न उठलेले साहेब उठले, चहा पिऊन येतो म्हणाले आणि दार ओढून निघून गेले.

पुढे बढत्या मिळाल्या, सत्कारही झाले. पण मागच्या त्या रिकाम्या खुर्चीचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा कशाचाच नाही.