मामांची फुंकर

उदगीरचं सोनारकामाचं दुकान बंद करून मामा, म्हणजे माझे सासरे, लातूरला आमच्याकडं राहायला आले, तेव्हापासून दिवसभर स्वतःचे हात बघत बसायचे. काय झालं विचारलं तर म्हणायचे, हात गेले. मला ते ऐकवत नसे.

मी एमआयडीसीतल्या तेलाच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन. थंडीत तेल थिजू नये म्हणून तिथल्या पाइपांवर गरम होणारी केबल बांधलेली असते. तांब्याची बारीक नळी, आत दोन तारा, आणि तारा नळीला भिडू नयेत म्हणून ठासून भरलेली पांढरी भुकटी. एकदा कुणाच्या तरी शिडीखाली ती तुटली. तारा चांदीच्या काडीनं झाळून जोडायच्या होत्या, आणि माझं झाळकाम म्हणजे आनंदच. मी केबल सोडवून घरी आणली आणि सरळ मामांपुढं ठेवली.

मामांनी चष्मा पुसला, टाकणखार लावला, ज्योत बारीक केली. तारा अशा जुळल्या की सांधा शोधावा लागला. खुशीत मी मेगर लावला. वीज तारेतच राहते की नळीत गळते, हे तो सांगतो. काटा शून्यावर, म्हणजे सगळी गळती.

"फुंकलंत ना?" मी ओरडलोच. जन्मभर दागिना झाळून झाला की ते हळूच फुंकर घालत, तशी इथंही घातली होती. त्या भुकटीला ओल म्हणून चालत नाही, तोंडाची वाफसुद्धा ती पिऊन टाकते. हे मी आधी सांगायला हवं होतं. चूक माझी आणि आवाजही माझाच चढलेला. मामांनी चिमटा खाली ठेवला.

"म्हनलं न्हवतं का, जावईबापू. हात गेले."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना सांधा दाखवून म्हटलं, हात जिथल्या तिथं आहेत, नडली ती फुंकर. मग लांबून उघड्या टोकाकडं नळी तापवत नेली, ओल निघाली, काटा चढला. आता कोरडी भुकटी भरायची आणि आधीच सरकवून ठेवलेलं तांब्याचं नळकांडं सांध्यावर ओढून झाळायचं. मामांनी उपरणं तोंडावर घट्ट बांधलं. काम झाल्यावर सांधा निवेपर्यंत ते भिंतीकडं तोंड करून बसले.

काटा पार टोकाला गेला. मामांनी उपरणं सोडलं, ज्योत मात्र विझवली नाही.

"कारखान्यात अजून काय काय तुटलंय?" त्यांनी विचारलं. "आणा की घरी."